पालकांना माहीत असावं असं

प्रिय धाकटे,

तुझं पत्र सोमवारी आलं. तुझ्या लेकीला, खारूला, आठवीला इथेच माझ्याकडे ठेवायचं की परत न्यायचं, ते तुला या महिन्याअखेर ठरवायचंय. आठवीत नेमकं काय शिकवतात, आणि पालक म्हणून तुला काय काय माहीत असायला हवं, असं तू विचारलंयस. ते वाचून मला हसू आलं, कारण आमच्या शाळेच्या पुस्तिकेचं नावच ते आहे: 'पालकांना काय माहीत असावं'. सहावी ते आठवीचा अभ्यासक्रम, सोळा पानं, दर वर्षी नवी छपाई. गेली अकरा वर्षं ती मीच लिहिते. एक प्रत सोबत ठेवली आहे. तू ती वाचणार नाहीस. शाळेत असताना तू माझे निबंधही कधी वाचले नाहीस, नुसते उतरवून घेतलेस. फोनवर सांगावं तर तू मला दुसऱ्या वाक्याला तोडतेस. म्हणून लिहायला बसले. आज गुरुवार, मुलं मैदानावर आहेत, शिक्षकखोलीत मी एकटी. समोर सत्तावीस उत्तरपत्रिका होत्या, त्या टेबलाच्या कडेला सरकवल्या आहेत.

आधी सगळ्यांना जी भीती असते ती. कॅथलिक शाळा म्हटलं की आईवडील प्रयोगशाळा बघतात, वाचनालय बघतात, शौचालयसुद्धा बघतात, आणि मनात असतं ते विचारत नाहीत. या वर्षीच्या पहिल्या सभेत एका बाबांनी विचारलं. गाड्या दुरुस्त करतात, नखांत काळं होतं, सरळ माणूस. म्हणाले, "आमचा पोरगा तुमच्यात जाईल का हो?" आमच्या मुख्याध्यापिका, सिस्टर, यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाई चोवीस वर्षं इथे आहेत. अजून आल्या नाहीत आमच्यात. तुमच्या मुलाला तर आम्ही तीनच वर्षं ठेवणार." लोक हसले. मीही हसले. नंतर जिना उतरताना गुडघा दुखला आणि वाटलं, चोवीस म्हणजे फार झाली. एका वर्षाच्या बदली जागेवर आले होते मी. आपल्या घरात देवाचं नाव निघायचं ते ठेच लागली की. तुला आठवत असेल, बाबा म्हणाले होते, तिथे तू टिकणार नाहीस.

तर धर्माचे तास आठवड्याला चार. सहावीत जुना करार: निर्मिती, पूर, गुलामीतून सुटलेली माणसं. सातवीत येशूचं चरित्र आणि दहा आज्ञा. आठवीत चर्चचा इतिहास, त्यात चर्चने केलेल्या चुकासुद्धा, आणि मग नीतीचे प्रश्न. हा विषय सर्वांना सक्तीचा आहे आणि त्याचे गुण धरतात. तिसऱ्या पानावर मी ठळक टाइपात लिहिलंय की गुण समजण्याला आहेत, मानण्याला नाहीत. ते खरं आहे. मागे एका मुलाने क्षमेच्या धड्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि मधल्या सुट्टीत शेजाऱ्याचं नाक फोडलं. गुण कापता आले नाहीत. शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा असतो, सामूहिक प्रार्थना. कॅथलिक नसलेल्या मुलांनी शांत बसायचं, गुडघे टेकायची गरज नाही. तुझी लेक शेवटच्या बाकावर बसते आणि मोठ्या खिडकीतले रंगीत काचेचे तुकडे मोजते. एकशे बारा भरले. दर शुक्रवारी पुन्हा मोजते, एखादा कमी झाला तर कळावं म्हणून.

विज्ञान इतर शाळांसारखंच आहे. उत्क्रांती शिकवतात, लपवत नाहीत. फादर आठवड्यातून दोनदा धर्माच्या तासाला येतात. निवृत्त आहेत, कानात यंत्र असतं, अवघड प्रश्न आला की ते बंद पडतं असं मुलांचं म्हणणं. सहावीतल्या एकाने त्यांना विचारलं, "फादर, आपण आदमपासून झालो की माकडापासून?" यंत्र चालू होतं. म्हणाले, "माकडाचा तास साडेदहाला. माझा अकराला. दोन्हीला बस." गणिताचे दोन गट करतात, खारू वरच्या गटात आहे. भाषा माझ्याकडे. त्याबद्दल तुला काही सांगायला नको, तिचं अक्षर तुझ्यासारखंच आहे, ओळ सोडून वर चढणारं. आठवीत चाळीस तास सेवेचे असतात. वृद्धाश्रम, वाचनालय, शेजारचं आजारी माणूस, काहीही चालतं, पण तारखेनिशी लिहायचं आणि खाली पालकांची सही. लोक काय काय लिहितात. एका तक्त्यावर होतं, 'आईचं ऐकलं, दोन तास.' सिस्टरनी तो मान्य केला. म्हणाल्या, दोन तास सलग ऐकलं असेल तर ती सेवाच आहे.

घरचं सांगते. तिचं बरं चाललंय. खाते, झोपते, उंच झाली आहे, तू पाठवलेला निळा फ्रॉक आता गुडघ्याच्या वर जातो. पेन्सिलींचे तुकडे जमवणं सुटलेलं नाही, त्यापायी तिचं खारू हे नाव इथल्या वर्गातही पोचलं. ते मी पोचवलेलं नाही, तिनेच सांगितलं असणार. शाळेत मी बाई आणि घरी मावशी, अशी सिस्टरनी अट घातली होती, ती खारू माझ्यापेक्षा कडक पाळते. सकाळी दूध पिताना म्हणते, "मावशी, तुझ्या त्या बाईंना सांग, निबंध उद्या देते." मी म्हणते, बाई ऐकायच्या नाहीत. ती म्हणते, "हो ना, खडूस आहेत." मग आम्ही दोघी पाच मिनिटं चालत शाळेत जातो. फाटकापाशी ती माझा हात सोडते आणि मी तिची कोणी नसते.

आता पुस्तिकेच्या नवव्या पानावर एक गोष्ट आहे, तिला मी तिथे चार ओळी दिल्या आहेत. ती तुला नीट सांगायला हवी. तिला आम्ही दिवसाची वही म्हणतो. शेवटच्या तासानंतर दहा मिनिटं सगळा वर्ग गप्प बसून लिहितो: आज आपल्या हातून काय व्हायला नको होतं, आणि आज काय चांगलं झालं. देवाला उद्देशून लिहिलं तरी चालतं, स्वतःला उद्देशून लिहिलं तरी चालतं. लिहून झालं की मुलाने ते पान उभं मधोमध दुमडायचं, मजकूर आत. वर्गशिक्षिकेने रांगेतून फिरायचं आणि घडीच्या पाठीवर तारीख घालून सही करायची. वाचायचं नाही. ही प्रथा माझ्या आधीची आहे, सिस्टरच्याही आधीची. मला ती पहिल्याच वर्षी आवडली होती. आपल्या घरी आईने तुझी डायरी वाचली होती आणि जेवताना सगळ्यांसमोर त्यातलं एक वाक्य म्हटलं होतं, ते मी विसरले नव्हते. चोवीस वर्षं मी घडीच्या पाठीवर सही करते आहे. सत्तावीस मुलं, कधी तीस, दहा मिनिटांत. हात आपोआप चालतो. एकदाही नजर आत गेली नाही, याचा मला अभिमान होता. कोणी विचारलं तर सांगत असे.

तीन वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगी होती. पातळ, नीटनेटकी, रबराने खोडलेलं सुद्धा फुंकरीने साफ करणारी. दुसऱ्या सत्रात तिचं पान मला उघडं दिसलं. विसरली असेल, असं वाटलं. मी नजर दुसरीकडे वळवली, पान दुमडलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं. पुन्हा दुमडलं. ती माझ्याकडे बघत असायची, आणि मला वाटायचं, सॉरी म्हणतेय. मी मान हलवायचे, की असू दे. असे पाच आठवडे गेले. मग ती शाळेत यायची थांबली. आधी ताप असल्याचा निरोप आला, मग दाखला काढायचा अर्ज. अर्ज घेऊन तिची आई आली. बँकेत कामाला होती, वेळ काढून आली होती, पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, वाचा, आता तिची परवानगी आहे. प्रत्येक पानावर एक ओळ होती. आज माझ्याशी कोणी बोललं नाही. आज पण कोणी बोललं नाही. वर्गातल्या तीन जणींनी ठरवून तिला वाळीत टाकलं होतं आणि बाकीच्यांना धाक घातला होता, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या आठवड्यापासून पानावर दोन ओळी होत्या. आज पण कोणी बोललं नाही. बाईंनी आज पण घडी घातली.

ती आई माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं की घडी तुम्ही का घातलीत. मी म्हटलं, नियम आहे. ती म्हणाली, "नियम न वाचायचा आहे ना? मिटवायचा कुठे आहे?" मी तिच्या हातून अर्ज घेतला. दाखल्यावर सही केली. मुलगी दुसऱ्या शाळेत गेली. पुढे काय झालं ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं, फक्त सिस्टरना. त्यांनी शिक्षकांची सभा घेतली. वह्या वाचायला लागावं का, यावर दोन तास बोललो. फादर म्हणाले, "आपण वाचायला लागलो की मुलं आपल्याला आवडेल ते लिहायला लागतील. मग तो निबंध झाला. निबंध या बाई शिकवतातच की." शेवटी एक ठरलं. पान उघडं असेल तर शिक्षकाने हात लावायचा नाही. तसंच तारीख घालून पुढे जायचं. सलग तीन दिवस उघडं राहिलं तर तिसऱ्या दिवशी वाचायचं, सिस्टरना कळवायचं, आणि मुलाला विचारल्याशिवाय बाकी कोणालाही सांगायचं नाही, आईवडिलांनाही नाही. हे पुस्तिकेत नाही. मुलांनाही सांगितलेलं नाही. मूल आपणहून पान उघडं ठेवेल तेव्हाच त्याला अर्थ आहे.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, जो तू ताजा कलम म्हणून बारीक अक्षरात लिहिलायस. आठवीत दोन आठवड्यांचा एक भाग असतो, त्याला आम्ही कुटुंबजीवन म्हणतो. शरीर, वयात येणं, लग्न, मूल होणं. एक डॉक्टर येऊन शिकवतात आणि मग सिस्टर चर्चचं म्हणणं सांगतात. त्यासाठी संमती लागते, म्हणून आठवीच्या फॉर्मवर तीन सह्या आहेत: आई, वडील आणि मूल. फॉर्म मुलाच्या हाती घरी जातो. तिघांनी एकत्र बसून तो भरावा, हे पुस्तिकेतलं वाक्य माझंच आहे. लिहिताना बरं वाटलं होतं. तू विचारतेस की एकट्या आईची सही चालेल का, आणि खारूच्या हाती न देता मला तो परस्पर भरून टाकता येईल का. पहिल्याचं उत्तर: चालते. वडिलांच्या जागी एक आडवी रेघ मारायची. दर वर्षी सहा-सात फॉर्म तसे येतात. कार्यालयात कारण विचारत नाहीत, मीही कधी विचारलेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर: नाही. तिची सही सगळ्यात खाली आहे. सही करताना तिला वरची रेघ दिसणार.

तू तिला सांगितलंस की बाबांची लांब बदली झाली, तुझी नोकरी, तुझी धावपळ, म्हणून वर्षभर मावशीकडे, आणि मावशीची शाळा चांगलीही आहे. मला खरं सांगितलंस आणि म्हणालीस, ताई, तिला कळता कामा नये, निदान माझं मलाच काय ते कळेपर्यंत. मी हो म्हटलं. तू इतकी थकलेली होतीस की मी कशालाही हो म्हटलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला सोपंही वाटलं. ज्याची वाच्यता करायची नाही त्याची घडी घालायची, ते मला चांगलं जमतं. गेल्या महिन्यात सातवीला आठवी आज्ञा शिकवत होते. फादर आजारी होते म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला होता. खोटी साक्ष देऊ नकोस. पुस्तकात आहे तसं मी सांगितलं, की खोटं फक्त बोलून होत नाही, गप्प राहूनही होतं. खारूने हात वर केला. "बाई, विचारूनही होतं का?" वर्ग हसला. कोणीतरी म्हणालं, परीक्षेत विचारतात ते सगळं खोटंच असतं. मीही हसले, आणि वेळ संपत आली होती म्हणून पुढच्या मुद्द्याला गेले.

या सोमवारी तिचं पान उघडं होतं. मी हात लावला नाही. कडेला तारीख घातली, सही केली, पुढच्या बाकाकडे गेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, पेन्सिलीला टोक करत होती. घरी नेहमीसारखी होती. मंगळवारी पुन्हा उघडं. त्या संध्याकाळी मी तिला भलतेसलते प्रश्न विचारले, डबा पुरतो का, बूट चावतो का. ती म्हणाली, "मावशी, तुला बरं नाहीये का?" काल बुधवारी तिसरा दिवस. मुलं गेल्यावर मी वही घेऊन वर्गातच बसले. सफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या, म्हणाल्या, बाई, पाय वर घ्या. मी पाय वर घेतले आणि वाचलं.

तिच्या शब्दांत लिहिते, कारण मला ते नीट सांगता येणार नाही. सोमवारचं पान: 'काल रविवार होता. आईचा फोन आला. मी विचारलं, बाबा कधी येणार. मला माहीत आहे ते येणार नाहीत. ते जाताना उशी घेऊन गेले. बदली झालेला माणूस उशी नेत नाही.' मंगळवारचं: 'मी दर रविवारी विचारते. नाही विचारलं तर आईला कळेल की मला कळलंय. मग ती रडेल आणि तिच्याजवळ कोणी नाही. ती म्हणते पुढच्या महिन्यात. मी म्हणते बरं. हे माझ्या हातून व्हायला नको होतं पण मी परत करणार.' बुधवारचं: 'मला हे आता होत नाही. बाई वाचणार नाहीत पण मी उघडं ठेवते.' आणि रोजच्या पानावर खाली, काय चांगलं झालं तिथे, काहीतरी होतंच. एका दिवशी गणित. एका दिवशी मावशीने पोळी जाळली आणि आम्ही हसलो. काल तिथे लिहिलं होतं, काही नाही.

मी सिस्टरकडे गेले, जायचा नियम आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई म्हणून वाचलंत की मावशी म्हणून?" मी म्हटलं, बाई म्हणून वाचलं. मावशीला आधीपासून माहीत होतं. मग त्यांनी स्वतः उठून दार उघडून दिलं, जे त्या कधी करत नाहीत. घरी खारू जेवणाच्या टेबलाशी गृहपाठ करत होती. मी म्हटलं, मी तुझं पान वाचलं. ती म्हणाली, "कोणी? बाईंनी की तू?" मी म्हटलं, दोघींनी. तिने पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं रडेल. रडली नाही. विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "कधीपासून?" मी म्हटलं, तू यायच्या आधीपासून. ती म्हणाली, "म्हणजे मी तुझ्यासमोर पण उगाच विचारत होते." मग म्हणाली, "तुम्ही मोठी माणसं ना," आणि पुढचं वाक्य तिला सापडलं नाही. मी पोळ्या केल्या, तिने ताटं घेतली. जेवण झाल्यावर मी तिला रीतसर विचारलं, की हे आईला सांगू का. म्हटलं, तू नाही म्हणालीस तर सांगणार नाही. तिने विचार केला. ताट धुताना करते तसा, नळ वाहता ठेवून. म्हणाली, "सांग. पण लिहून सांग. फोनवर तिला लगेच काहीतरी बोलावं लागतं."

म्हणून हे पत्र आहे, अभ्यासक्रमासाठी नाही. ते दोन दिवसांत, शनिवारपर्यंत तुझ्या हाती पडेल. येत्या रविवारी सहा वाजता तू फोन करशील. ती विचारणार नाही. तिचं ठरलंय, आणि तिने न विचारल्यामुळे तू घाबरू नयेस म्हणून तुला आधी कळवायचं काम तिने माझ्यावर टाकलं. मी तुला दिलेला शब्द मोडते आहे, त्याबद्दल तू मला हवं ते बोल, पण तिला नको. फॉर्म कोराच पाठवते आहे. इथे राहायचं की तुझ्याकडे यायचं, ते ती म्हणते आईशी बोलून झाल्यावर सांगेन. तिचं जे ठरेल त्याला माझी हरकत नाही. ती गेली तर घर मोठं वाटेल, तेवढंच. रविवारी तुम्ही आधी गणिताबद्दल बोलाल, माझ्या गुडघ्याबद्दल बोलाल. मग दोघी गप्प व्हाल. तेव्हा तू बोल. नीट जुळवून, पाठ करून नको. जे आहे ते, जेवढं तुला माहीत आहे तेवढं. तुला रडू आलं तर येऊ दे, तिला त्याची कल्पना आहे, आणि तिच्याजवळ मी असेन. फोन वाजला की मी तो तिच्या हातात देईन आणि बाहेर जिन्यात जाऊन बसेन.

तुझीच, उशिरा बोललेली,
ताई